आधी ब्रेक दाखवा, मग चहा!

माझा धंदा विम्याचा. पिरंगुट ते पौड या पट्ट्यात असं घर सापडायचं नाही, जिथं बसून मी "देव न करो, पण उद्या काही झालं तर..." हे अर्धं वाक्य म्हटलेलं नाही. वाक्य मी कधीच पुरं करत नाही. करावंही लागत नाही. समोरचा माणूस चेहरा पाडून आत हाक मारतो, "अगं, चहा टाक."

अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर सायकलवाल्यांच्या नादी लागू नये. रविवारी सकाळी इतरांना धुकं दिसतं, धरणाचं पाणी दिसतं. मला क्लेम दिसतात! पण लागले खरी नादी. आणि आता अशी गत आहे, की आयुष्यभर घरोघर फिरून जेवढ्या पॉलिसी काढल्या नसतील, तेवढे किस्से या एका गटात जमलेत. पाच माणसं, पाच सायकली, दहा ब्रेक. एवढंच आमचं भांडवल. पण एकानं पाना हातात घेतला आणि दुसऱ्यानं "थांब, मी सांगतो" म्हटलं, की किस्सा तयार!

आमच्या सायकली त्या वळलेल्या हँडलच्या, बारीक टायरच्या. रोड बाइक म्हणतात. हिच्यावर हात ठेवायला पुढे दोन रबरी उंचवटे असतात आणि ब्रेकच्या लिव्हर तिथून खाली लोंबतात. त्या ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाच्या करून घ्याव्या लागतात. जवळ-लांब करायला एक बारीक स्क्रू, वर-खाली करायला रबराच्या आत एक बोल्ट. झालं. ब्लाऊजची बाही बसवण्याइतकं सोपं काम, आणि बिघडवायलाही तितकंच सोपं.

* * *

पहिला मान अण्णांचा.

अण्णा कोळवणचे. भाताची खाचरं, म्हशी, एक पिकअप. त्यांच्या शेजारी शहरातल्या कुणीतरी फार्महाऊस घेतलं होतं. तो गृहस्थ पहिल्याच पावसाळ्यात गावाला कंटाळला आणि परत जाताना आपली सायकल अण्णांना देऊन गेला. तो काडीसारखा, अण्णांचा पंजा भाकरीएवढा. सायकलवर माप त्या काडीचंच राहिलं.

पहिल्या रविवारी आम्ही घोटवडे फाट्यावरच्या मामांच्या टपरीवर चहाची वाट बघत होतो. तेवढ्यात पौडकडून आवाज यायला लागला. "आयाया! आयाया!" थोडा वेळ शांतता, की पुन्हा "आयायायाया!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बघतो तर अण्णा!

टपरीपाशी एक शेवटची जोरदार किंकाळी फोडून ते थांबले, खाली उतरले आणि काही न बोलता उजव्या हाताची बोटं पाण्याच्या तांब्यात बुडवून उभे राहिले. झालं होतं असं, की लिव्हर हँडलच्या अगदी जवळ होती. अण्णा दोन बोटांनी ती ओढायचे आणि मागं राहिलेली दोन बोटं लिव्हर आणि हँडलच्या मध्ये चेंगरायची.

"अण्णा, ब्रेक लागत नाही का?" मी विचारलं.

"लागतुया की वैनी, लई झ्याक लागतुया. पर चाकाला न्हाई, माज्या बोटांला!"

त्याच दिवशी मी नियम केला. आधी ब्रेक दाखवा, मग चहा. सायकलशेजारी उभं राहायचं, लिव्हर दाबायची आणि सायकल पुढे ढकलायची. चाक जागचं हललं नाही तर पास. मामांना हा नियम इतका आवडला, की ते आता आमच्याशी काही संबंध नसलेल्या, दूध घालायला निघालेल्या माणसांनाही सुनावतात, "बिरेक दावल्याबिगर चहा न्हाई!"

* * *

निनाद नेऱ्याला राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला 'बरं वाटतंय' हा शब्दप्रयोगच मान्य नाही. बरं म्हणजे किती बरं? कुठल्या अँगलला बरं?

त्याचं म्हणणं, लिव्हर बसवताना हात ठेवायची जागा जमिनीशी अगदी समांतर हवी. त्यासाठी त्यानं मोबाइलवर लेव्हल दाखवणारं ॲप घेतलं. दर शनिवारी हँडलची टेप उकलायची, बोल्ट सैल करायचा, मोबाइल ठेवायचा, केसभर हलवायचं, पुन्हा टेप गुंडाळायची. आणि दर रविवारी मान चोळत यायचं. "सुलभाताई, डेटा परफेक्ट आहे, पण बॉडी ॲक्सेप्ट करत नाहीये."

एका रविवारी तो कोळवणला अण्णांकडं आला आणि त्यांच्या अंगणात सायकल उभी करून ॲप लावलं. आकडा बघून चक्रावला. "अरे, घरी झीरो होतं, इथं तीन कसं दाखवतंय? रस्त्यात हललं की काय?"

अण्णा गोठ्यातून हात पुसत बाहेर आले. "आमच्या अंगणाला उतार हाय ना बाबा. न्हाई ठिवला तर पावसाळ्यात दारातच भात लावावं लागंल."

"ओके, ओके. म्हणजे माझ्या घरचं रीडिंग बरोबर आहे."

"तुज्या घरी कुटं ठिवतोस सायकल?"

"टेरेसवर."

अण्णांनी त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. "मंग तुज्या टेरेसवरचं पानी काय वर जातंय व्हय?"

निनादनं मोबाइल खिशात टाकला. मुळशी तालुक्यातल्या पावसात जी गच्ची सपाट असते ती गळते, हे घर घेताना त्याला बिल्डरनं सांगितलं नसावं. त्या दिवशी अण्णांनी त्याला सायकलवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि जिथं हात आपोआप पडले तिथं लिव्हर आवळून टाकल्या. मान दुखायची थांबली. ॲप त्यानं अजून ठेवलंय. आता गॅसची शेगडी सरळ आहे का ते बघतो म्हणे.

* * *

आता मंजूचं सांगते. मधली दोन वर्षं हा किस्सा नव्हता, काळजी होती.

डॉक्टर मंजू माझ्याच सोसायटीत राहते. लहान मुलांचे दात बघते. तिचे हात इतके लहान आहेत की सहावीतल्या पोरीच्या बांगड्या तिला होतात. तिच्या धंद्यात तो दागिनाच आहे, एवढ्याशा तोंडात हात सहज जातो. पण आया तिच्याकडं रांग लावतात त्या हातांसाठी नाही, तिच्या एका सवयीसाठी. खुर्चीत मूल बसलं की ती त्याला सांगते, "तुला थांबावंसं वाटलं की हात वर कर. मी लगेच थांबेन." आणि खरंच थांबते. पोरं सुरुवातीला उगाचच हात वर करतात. दुखत काहीच नसतं. पुन्हा करतात, पुन्हा थांबते. मग निवांत पडून राहतात. माझा नातू तर तिथं झोपला होता.

तर ही मंजू दोन वर्षांपूर्वी ताम्हिणी घाट उतरताना एका वळणावर वळलीच नाही. सरळ गेली आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाऱ्यात घुसली. कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. ढिगारा नसता तर पुढं काय होतं ते मी सांगत नाही.

तेव्हापासून ती चढ आमच्याबरोबर चढायची, पण घाटमाथा आला की सायकल अण्णांच्या पिकअपमध्ये. पिकअप अण्णांचा धाकटा भाऊ दत्ता चालवतो. कोकणाच्या बाजूला उतरल्यावर आम्हाला परत वर आणायला तो येतोच. एकटीला वाईट वाटू नये म्हणून दर वेळी आमच्यातला कुणीतरी एक तिच्यासोबत गाडीत बसायचा, आणि हेच तिला जास्त लागायचं.

सल्ले तर काय, भरघोस! निनादनं व्हिडिओ पाठवले. काकांनी रामरक्षा म्हणायला सांगितली. अण्णा म्हणाले, "डोळं मिटून सोडायचं, काय हुत न्हाई." मी म्हटलं, "अगं, तुझा तर विमा आहे!"

मंजू सगळं ऐकून घ्यायची. या थंडीच्या सुरुवातीला मात्र लिफ्टमध्ये मला म्हणाली, "ताई, या वेळची ताम्हिणी झाली की सायकल विकून टाकते. मी भित्री आहे, त्याला इलाज नाही. तुम्हा सगळ्यांची दर वेळी पंचाईत होते."

मला फार वाईट वाटलं. रविवारी पहाटे खालून बेल वाजवून मला उठवणारी ती एकटी. तिनं सायकल सोडली असती तर मीही सोडली असती, हे मी तिला सांगितलं नाही. नुसतं "बघू" म्हटलं.

* * *

वर काका आले, त्यांची ओळख राहिली. काका बावधनचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि हाडाचे काटकसरी. त्यांचा सिद्धांत एकच, "ब्रेक वापरला की झिजतो."

काकांना वाकून बसणं जमेना. म्हणून त्यांनी लिव्हरचे बोल्ट सैल करून त्या वर, आणखी वर, करत पार आभाळाकडं वळवल्या. मग आरामखुर्चीत बसल्यासारखे ताठ बसून ते टपरीवर आले. अण्णांनी सायकलला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "काका, शिंगं लई ब्येस. आता झूल घाला, बैलपोळ्याला मिरवू."

"मस्करी करा," काका म्हणाले. "पण पाठ कशी सरळ आहे बघा. आणि ब्रेक लांब असला की माणूस विचार करून लावतो. हाताशी असला की उधळपट्टी होते."

त्याच रविवारी कोळवणच्या रस्त्याला, दोन्ही बाजूंना भात उभं असताना, उताराच्या तळाशी एक म्हैस रस्त्यात आली. काका पुढे होते. ब्रेक लावायचा तर हात उचलून वर न्यायला हवे, आणि हात उचलले तर तोल जातो. काकांनी विचार केला आणि मग म्हशीकडं बघून साहेबी आवाजात ओरडले, "थांब!"

म्हैस थांबली. काका थांबले नाहीत.

म्हशीच्या शेपटीला वळसा घालून ते बांधावरून सरळ खाचरात गेले. आम्ही सायकली टाकून धावलो. माझ्या डोळ्यांपुढं तर हाडांचे फोटो नाचायला लागले. खाचरात कमरेपर्यंत चिखलात काका बसले होते, चष्म्यासकट शाबूत. शेतवाली बाई तिकडून ओरडत होती, "आवं, भात मोडलं की माजं!" आणि काका सायकलचं पुढचं चाक पुसून आम्हाला दाखवत होते.

"बघा! ब्रेकचं रबर नवंच्या नवं आहे!"

शिंगं त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच खाली वळवली. त्या बाईच्या खाचरात पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून मोडलेलं भात नीट करून दिलं, आणि तिनं काकांना बांधावरच उभं केलं होतं.

* * *

इतरांना हसतेय, तर माझंही ऐका.

एका सोमवारी सकाळी माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याला. आता डावा हात म्हटल्यावर विमेवाल्या बाईच्या मनात काय येणार? छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला. आमच्या ह्यांनी गाडी काढली. रस्ताभर ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस माझ्यासाठी असा गप्प झालाय! भरून आलं हो.

हॉस्पिटलात ईसीजी काढला. डॉक्टर तरुण होता. त्यानं कागद बघितला, मग माझ्या हाताकडं बघितलं.

"उजव्या हाताला मुंग्या येतात का?"

"येतात की. पण त्याचं मी मनावर घेतलं नाही."

"मावशी, सायकल चालवता का?"

निघालं ते असं. माझ्या लिव्हर पुढं झुकलेल्या होत्या, त्यामुळं मनगट मोडून सगळा भार तळव्यावर यायचा आणि करंगळीकडची शीर दबायची. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या हार्टला काही झालेलं नाही. हँडल कुणाला तरी दाखवा." मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथल्या नर्सबाईच्या गळ्यातच पडायची बाकी होते. निनादनं संध्याकाळी येऊन लिव्हर थोड्या वर घेतल्या, ॲप न लावता, आणि मुंग्या गेल्या त्या गेल्याच.

परतताना गाडीत हे अजून गप्पच. शेवटी मीच म्हटलं, "अहो, काही नाही झालेलं मला. बोला की."

"नाही, मी मघापासून आठवतोय," हे म्हणाले. "तुझी स्वतःची पॉलिसी आपण कुठं ठेवलीय?"

ठेवायला काढायला तर हवी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

* * *

आणि या सगळ्यातून शहाणं झालेल्या आम्हाला मंजूचं दुखणं कळलं ते हातमोज्यांमुळं.

पौषातली थंडी. मुळशीच्या पाण्यावरून वारा येतो तेव्हा बोटं गळून पडतील असं वाटतं. म्हणून मी सगळ्यांसाठी पूर्ण बोटांचे हातमोजे आणले, सरसकट एकाच मापाचे. अण्णांच्या मोज्याची शिवण जागच्या जागी उसवली. मंजूला ते लोंबत होते, पण ती बिचारी काही बोलली नाही.

टपरीवर सगळ्यांनी ब्रेक दाखवले. मंजूचेही पास. चहा झाला, निघालो. पौडच्या अलीकडं मी तिच्या बरोबरीनं चालवत होते. पुढं उतार लागला, तिनं ब्रेककडं बोटं नेली, आणि माझं लक्ष गेलं. लिव्हरवर तिच्या हातमोज्याचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं!

"मंजू, थांब."

ती थांबली, म्हणजे पाय घासत घासत थांबली. मी तिचा हात होता तिथंच धरून ठेवला आणि लिव्हरवरचं मोज्याचं बोट चिमटीत पकडलं. रिकामं! हातमोजा ब्रेकपर्यंत पोचला होता, बोट पोचलंच नव्हतं.

"तुझं बोट कुठाय?"

"हे काय, इथं आहे." तिनं आतलं बोट हलवून दाखवलं. लिव्हर आणि बोटाच्या मध्ये एक आगपेटी मावली असती.

"मग ब्रेक लावतेस कसा?"

"पुढं सरकायचं, हात सोडायचा आणि खालून लिव्हर पकडायची," ती साधेपणानं म्हणाली. "वळणावर तेवढा वेळ मिळत नाही. पण ते सगळ्यांचं तसंच असतं ना?"

बाकीचेही येऊन थांबले होते. आमचा नियम उभं राहून ब्रेक दाखवायचा! सायकलशेजारी उभं राहिलं की मंजूच काय, तिच्या खुर्चीतलं पोरसुद्धा लिव्हर मुठीत धरून दाबेल. बसल्यावर तिचा हात कुठवर पोचतो, हे दोन वर्षांत एकाही शहाण्यानं बघितलं नव्हतं. आणि तिनं आमच्यावर विश्वास ठेवून स्वतःलाच भित्री ठरवलं होतं.

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काकांनी पोरीला रामरक्षा म्हनाया लावली, मी डोळं मिटाया लावलं. आन् ह्यो निस्ता स्क्रू व्हता व्हय!"

मंजू आधी हसली आणि मग तिथंच रस्त्याकडेला बसून रडली. मला विचाराल तर मलाही रडू आलं, पण ते सुटल्यासारखं वाटून आलं. माणूस भित्रा असला तर मी काय करणार होते? बोट तोकडं पडतंय म्हटल्यावर पान्यानं काम होतं.

* * *

काम झालं असतं, पण आम्ही पाच जण आहोत हे विसरू नका.

दुपारी अण्णांच्या अंगणात सायकल आडवी घातली. निनादनं स्क्रू फिरवून लिव्हर जवळ आणली. काकांनी "अजून थोडी" म्हणून अर्धा फेरा फिरवला. अण्णांनी "पोरीचा हात लई बारका हाय" म्हणून आणखी एक. मी मागं का राहू? मायेनं मीही फिरवला!

पुढच्या रविवारी टपरीवर नियम बदलला होता. आता बसून ब्रेक दाखवायचा. मंजू ऐटीत बसली, चार पायंडल मारून आली, रबरावर हात तसेच ठेवून तिनं लिव्हर दाबली. बोटं अगदी आरामात पोचली. लिव्हर हँडलला टेकली. आणि सायकल शांतपणे तशीच पुढं गेली!

ती सगळं आवार ओलांडून मामांच्या कांद्याच्या पोत्यात जाऊन थांबली. आम्ही लिव्हर इतकी जवळ आणली होती की ब्रेक लागायच्या आधीच ती हँडलला भिडत होती. हे घाटात झालं असतं तर? मी नेहमीसारखं ते वाक्य अर्ध्यावर सोडलं.

मामा कांदे गोळा करत म्हणाले, "डॉक्टरीनबाईंला चहा द्या. बाकी कुनाला न्हाई!"

मंजूनं सायकल उचलली, निनादच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाली, "आता कुणी हात लावायचा नाही. हात माझा आहे." मग दात भरताना करते तसं सुरू केलं. पोरांना ती थोडं घासून "चाव बघू" म्हणते, पुन्हा थोडं घासते. तसंच. लिव्हर जरा लांब घेतली, तार जरा ओढून ब्रेकची रबरं चाकाजवळ आणली, बसून दाबून बघितलं, उतरली, पुन्हा जरा फिरवलं. आम्ही चौघं बाकावर हाताची घडी घालून बसलो होतो. चहा गार झाला, पण कुणी "थांब, मी सांगतो" म्हटलं नाही. आमच्या गटाच्या इतिहासात असं कधी घडलेलं नाही.

* * *

आणि मग ताम्हिणी.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. दरीत खाली धुकं पसरलेलं. दत्तानं सवयीनं पिकअपचं फाळकं खाली पाडलं. सवयीनंच मीही मंजूसोबत बसायला गाडीकडं वळले, कारण या खेपेला माझी पाळी होती.

"दत्ताभाऊ, फाळकं लावा," मंजू म्हणाली. "तुम्ही सगळे व्हा पुढं. गाडी पण पुढं जाऊ दे. मी मागून येते."

"एकटी?" मी म्हटलं.

"कुणी मागं असलं की मी त्याच्याकडंच बघत बसते, ताई."

मला पटलं नाही. पण अण्णांनी मला डोळ्यांनी खुणावलं, चला. उतरलो. प्रत्येक वळणावर मी मान वळवून वर बघत होते, आणि निनाद मागून ओरडत होता, "ताई, समोर बघा, समोर!"

तळाशी एका ढाब्यावर थांबलो. चहा आला. आमचे श्वास जागेवर आले. मंजू आली नाही.

दुसरा चहा सांगितला. काका म्हणाले, "सावकाश येत असेल." एक एसटी खाली आली. एक ट्रक आला. मंजू नाही. निनाद फोन लावत होता, पण घाटात रेंज कुठली! ढाब्यावरचं कुत्रंही उठून रस्त्याकडं बघायला लागलं.

एक जीप उतरली. अण्णांनी आडवा हात करून ती थांबवली. "दादा, सायकलवाल्या बाई दिसल्या का वर?"

"व्हय, दिसल्या की. पार वरच्या वळनावर हुब्या हायेत."

"हुब्या? पडल्या-बिडल्या न्हाईत ना?"

"काय की. सायकल धरून हुब्या व्हत्या." जीप गेली.

थोड्या वेळानं एक मोटारसायकलवाला आला. त्यालाही विचारलं. "हो, एक बाई आहेत," तो म्हणाला. "थांबल्या आहेत कडेला. मी विचारलं मदत हवी का, तर नको म्हणाल्या."

"कुठल्या वळणावर?"

त्यानं सांगितलेलं वळण जीपवाल्याच्या वळणाच्या बरंच खाली होतं, पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की ती मध्येच अडकली आहे, खालीही येता येत नाही आणि वरही जाता येत नाही. आणि हे सगळं मी घडवून आणलंय, हातमोजे आणून! आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य मनातल्या मनात पुरं केलं. फार भयंकर वाक्य आहे ते. लोक चहा टाकायला का उठतात ते मला त्या दिवशी कळलं.

"दत्ता, गाडी काढ," अण्णा म्हणाले. त्यांचा ग्लास भरलेलाच राहिला. काका रामरक्षा पुटपुटत मागं चढले. दत्तानं गाडी वळवली, आणि मी पायरीवर एक पाय ठेवला होता, तेवढ्यात वरच्या वळणावर एक सायकल दिसली.

मंजू! संथ, सरळ, दोन्ही हात रबरावर आणि दोन्ही हातांची दोन-दोन बोटं लिव्हरवर. वळण तिनं असं घेतलं, जसं कुणी ताटात भात कालवतं, घाई नाही की गडबड नाही. ती उतारावरून आली आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर सायकल उभी केली. चाक जागच्या जागी थांबलं. किंचितही घसरलं नाही.

मी पायरीवरून खाली उतरले. भीती गेली की तिच्या जागी राग येतो माणसाला.

"होतीस कुठं इतका वेळ?" मी अशी ओरडले की ढाब्यावरची माणसं उठून उभी राहिली. "आमचा जीव गेला इथं! करत काय होतीस एवढा वेळ?"

मंजूनं एक पाय जमिनीवर टेकवला. तिचं नाक थंडीनं लाल झालं होतं आणि चेहरा असा काही उजळला होता, की मला पुढं ओरडवेना.

"थांबत होते," ती म्हणाली.